एमएच पासिंगची गाडी, मुक्काम परराज्यात: १५ वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण कसं करायचं

खासगी गाडीची नोंदणी आधी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं. रोजच्या बोलण्यात याला ‘गाडीचं री-पासिंग’ म्हणतात. गाडी आणि आपण एकाच गावात असलो तर हे एका दिवसाचं काम आहे. गाडी एमएच १२, म्हणजे पुण्याची, आणि मुक्काम बेंगळुरू, हैदराबाद किंवा गुवाहाटीला असेल, तर मात्र त्याला नियोजन लागतं. अर्ज, शुल्क, कर, चलानं हे सगळं घरबसल्या होतं. पण मोटार वाहन निरीक्षकाने गाडी समोर उभी करून पाहिल्याशिवाय नूतनीकरण होत नाही, आणि त्यावर ‘परिवहन’ या सरकारी पोर्टलमध्ये काही उपाय नाही. म्हणून शेवटच्या ६० दिवसांत गाडी कुठे असणार, एवढं आधी ठरवा. बाकीची कामं त्याभोवती बसवता येतात.

६० दिवस अशासाठी, की केंद्रीय मोटार वाहन नियम ५२ प्रमाणे नमुना २५ मधला अर्ज मुदत संपण्यापूर्वी जास्तीत जास्त ६० दिवस आधी करता येतो. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, २० नोव्हेंबरला संपत असेल तर अर्जाची खिडकी २१ सप्टेंबरला उघडते. त्याआधी भरायला गेलात तर पोर्टल परत पाठवतं. मुदत संपल्यावर सवलतीचे दिवस वगैरे काही नाहीत. नूतनीकरण होईपर्यंत ती गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणायची नाही, असं हाच नियम सांगतो. तारीख आरसीवर ‘रजिस्ट्रेशन व्हॅलिडिटी’ किंवा ‘फिटनेस अपटू’ अशा नावाने छापलेली असते. जुन्या आरसी पुस्तकात ती पुसट झाली असेल तर एम-परिवहन अॅप किंवा डिजिलॉकरमध्ये पाहा. विम्याची तारीख वेगळी, ही वेगळी. दोन्हींची गल्लत करून लोक वर्षभर संपलेल्या आरसीवर फिरत असतात.

कायदा काय म्हणतो आणि खिडकीवर काय होतं

नियम ५२ मध्ये अर्ज ‘गाडी ज्या नोंदणी अधिकाऱ्याच्या हद्दीत आहे’ त्याच्याकडे करा, असं लिहिलंय. मोटार वाहन कायद्याचं कलम ४१(१०) त्यापुढे जाऊन सांगतं, की नूतनीकरण करणारा अधिकारी मूळ नोंदणी करणारा नसेल तर त्याने मूळ कार्यालयाला तसं कळवावं. म्हणजे पुण्यात नोंदलेल्या गाडीचं नूतनीकरण दुसरीकडे होऊ शकतं, हे कायद्याने गृहीत धरलेलं आहे.

प्रत्यक्षात परराज्यातल्या आरटीओच्या खिडकीवर ‘गाडी आमच्या सिस्टीममध्ये नाही, एनओसी (मूळ कार्यालयाचं ना-हरकत पत्र) आणा’ असं उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. गाडीची नोंद ‘वाहन’ या आरटीओंच्या संगणक प्रणालीत मूळ कार्यालयाच्या नावावर असते आणि दुसऱ्या राज्यातल्या कारकुनाच्या पडद्यावर ती उघडत नाही, हे त्यामागचं कारण. त्याच्याशी कलमं घेऊन भांडण्यात दिवस जातो. लेखी अर्ज द्यायचा असेल तर थेट आरटीओ किंवा एआरटीओंच्या नावे द्या, नियम ५२ आणि कलम ४१(१०) यांचा उल्लेख करा आणि आवक शिक्क्याची प्रत घ्या. काही कार्यालयं मूळ कार्यालयाचं विनंतीपत्र आणलं तर गाडी तपासून अहवाल देतात. तो अहवाल मूळ आरटीओ मान्य करणार का, हे त्यांच्याकडून आधी लेखी घ्यावं. नाहीतर गाडी पास होते, अहवाल मिळतो आणि पुण्यात तो फाइलला लागून पडतो.

एक वाट अलीकडची आहे. २०२२ मध्ये केंद्राने स्वयंचलित चाचणी केंद्रांच्या नियमांत बदल करून एका राज्यात नोंदलेल्या गाडीची तपासणी दुसऱ्या राज्यातल्या केंद्रात करायला मुभा दिली. तुमच्या शहरात असं केंद्र असेल आणि ते खासगी गाड्या घेत असेल तर विचारून पाहण्यासारखं आहे. इथेही तोच सावधपणा: अर्ज आणि शुल्क मूळ कार्यालयाकडेच जाणार, तेव्हा तिथून होकार आल्याशिवाय चाचणीचे पैसे भरू नका.

या सगळ्याचा निवाडा सरळ आहे. गाडी एका-दोन दिवसांच्या प्रवासात महाराष्ट्रात आणता येत असेल तर आणा. बेंगळुरू ते पुणे साधारण ८४० किलोमीटर आहे. तेवढं चालवणं परराज्यातल्या कार्यालयांच्या खेपांपेक्षा स्वस्त पडतं. बेळगाव किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी तर दुसरा विचारच करू नये. एमएच १२ ची गाडी वाटेत कोल्हापुरातच तपासून घेऊ, हे मात्र धरून चालू नका. ज्या कार्यालयात नोंद आहे तिथलीच वेळ मिळेल या हिशेबाने निघा. अर्ज करताना दुसरं कार्यालय निवडायला मिळालं तर उत्तम.

निघण्यापूर्वी बसल्या जागी उरकायची कामं

बहुतेकांची अडचण तपासणीत होत नाही, नोंदीत होते. १५ वर्षांपूर्वीच्या गाडीची माहिती जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत आलेली असते. त्यात चेसिस नंबरचं एखादं अक्षर चुकलेलं, कराची नोंद गायब किंवा मालकाचा मोबाइल नंबर कोरा, असं सर्रास सापडतं. म्हणून दोन-तीन महिने आधीच परिवहन पोर्टलवर गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे ५ आकडे टाकून नोंद उघडते का ते बघा. उघडलीच नाही तर मूळ आरटीओत ‘बॅकलॉग एंट्री’, म्हणजे जुनी नोंद नव्या प्रणालीत, करून घ्यावी लागते. त्यासाठी गाडी न्यावी लागत नाही, पण मूळ आरसी आणि कराची पावती घेऊन कुणीतरी जावं लागतं. हे काम भाऊ, मेहुणा किंवा मित्र करू शकतो. त्याच्याजवळ तुमच्या सहीचं अधिकारपत्र आणि ओळखपत्राची प्रत द्या.

मोबाइल नंबर चालू नसेल तर तो आधी बदला. त्यासाठी चेसिस नंबर, इंजिन नंबर, नोंदणीची तारीख आणि वैधतेची तारीख लागते. पुढचे सगळे ओटीपी याच नंबरवर येणार आहेत, तेव्हा एजंटचा किंवा शोरूमवाल्याचा नंबर तिथे राहू देऊ नका. मालक दुबईत किंवा अमेरिकेत आणि गाडी पुण्यात, अशी उलट परिस्थिती असेल तर आधारशी जोडलेलं भारतीय सिम रोमिंगवर चालू ठेवणं एवढंच तुमच्या हातात आहे. गाडी घरचं कुणीही नेऊ शकतं.

मग चलानं. ई-चलान कुठल्याही राज्यातलं असो, गाडीच्या नंबरावर बसतं आणि नूतनीकरण अडवू शकतं. परराज्यात फिरणाऱ्या गाडीला ही चलानं मालकाच्या नकळत साठलेली असतात, कारण संदेश जुन्या मोबाइलवर जातात. ज्या राज्यांतून गाडी गेली त्या सगळ्यांची तपासा. चलान कोर्टाकडे वर्ग झालं असेल तर नेहमीच्या पानावर ते भरता येत नाही. त्याला व्हर्च्युअल कोर्टच्या पोर्टलवर जावं लागतं. भरलेलं चलान नोंदीतून निघायला काही दिवस लागतात, म्हणून हे काम आदल्या रात्रीवर ठेवू नये.

कर्जाचा बोजा हे आणखी एक जुनं दुखणं. हप्ते कधीच फिटलेले असतात, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच असतं. नूतनीकरण यामुळे थांबेलच असं नाही, पण एनओसी किंवा गाडी विकायची वेळ आली की नक्की थांबतं. बँकेकडून नमुना ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) आणि ना-हरकत पत्र घ्या आणि याच खेपेत बोजा उतरवून टाका. बँकेच्या पत्राला मुदत असते, म्हणून ते फार आधी आणून ठेवण्यातही अर्थ नाही.

पीयूसी देशात कुठेही काढा, चालतं. नोंद थेट वाहन प्रणालीत जाते. बीएस-३ या जुन्या प्रदूषण मानकाच्या गाडीला ते ६ महिन्यांचं आणि त्यापुढच्या बीएस-४ ला वर्षाचं मिळतं. विमा तपासणीच्या दिवशी चालू असला पाहिजे. नुसता थर्ड पार्टी असला तरी पुरतो.

हाय सिक्युरिटी नंबरप्लेट ही परराज्यात राहणाऱ्यांची खरी डोकेदुखी. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला ती मूळची नसते, आणि ती नसेल तर आरटीओतलं काम अडतं. महाराष्ट्रातला दर मोटारीला ७४५ आणि दुचाकीला ४५० रुपये, वर जीएसटी. बुकिंग ऑनलाइन होतं, पण पाटी बसवायला गाडी केंद्रावर न्यावी लागते. परराज्यातल्या रस्त्यावरच्या दुकानात मिळणारी तशीच दिसणारी पाटी घेऊ नका. तिच्यावरचा लेझर क्रमांक प्रणालीत नसतो आणि निरीक्षक नेमका तोच पाहतो. महाराष्ट्रात येण्याच्या तारखा ठरल्या की पाटीची वेळ आधी आणि तपासणीची वेळ त्यानंतर, असा क्रम लावा.

पैसे किती

१५ वर्षांनंतरच्या नूतनीकरणाचे दर १ एप्रिल २०२२ पासून वाढले. दुचाकीला १,०००, तीनचाकीला २,५०० आणि मोटारीला ५,००० रुपये. गाडी २० वर्षांपलीकडची असेल तर ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने हे दर दुप्पट झाले: दुचाकी २,०००, मोटार १०,०००. आयात केलेल्या चारचाकीचे २० वर्षांपुढे ८०,००० होतात, तेव्हा हौशी लोकांनी आधी बेरीज करावी. उशीर झाला तर दुचाकीला महिन्याला ३०० आणि बाकी खासगी गाड्यांना ५००. स्मार्ट कार्डचे २०० आणि टपालखर्च वेगळा.

याशिवाय महाराष्ट्राचा पर्यावरण कर, म्हणजे लोकांच्या भाषेत ग्रीन टॅक्स. ५ वर्षांसाठी दुचाकीला २,०००, पेट्रोल मोटारीला ३,००० आणि डिझेल मोटारीला ३,५०० असा तो घेतला जातो. अर्ज भरताना पोर्टल जी रक्कम दाखवेल ती अंतिम समजा. एजंट जेव्हा ‘सगळं मिळून बारा हजार’ सांगतो, तेव्हा त्यातले सरकारी किती हे वरच्या आकड्यांवरून काढता येतं.

अर्ज आणि तपासणीचा दिवस

1. परिवहन पोर्टलवर वाहनविषयक सेवा, राज्य महाराष्ट्र, मग गाडीचा नंबर. ‘रिन्यूअल ऑफ रजिस्ट्रेशन’ निवडा. पत्ता बदलायचा असेल किंवा बोजा उतरवायचा असेल तर त्या सेवाही याच अर्जात टिकमार्क करा.
2. विमा आणि पीयूसीचे तपशील आपोआप येतात. आले नाहीत तर कंपनीने नोंद वर पाठवलेली नाही असं समजा आणि आधी ते सोडवा.
3. शुल्क आणि कर भरा. खात्यातून पैसे गेले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. पोर्टलवर अडकलेला व्यवहार तपासायची सोय आहे, तिथून पावती निघते.
4. तपासणीची वेळ घ्या. दिवाळीच्या आठवड्यात गावी येऊन काम उरकू, असा विचार सगळेच करतात. कार्यालय सुट्टीवर आणि उरलेल्या दिवसांचे स्लॉट भरलेले, असं होतं. सणाच्या आधीचा आठवडा घ्या, आणि सोमवार-मंगळवारचा घ्या, म्हणजे गाडी नापास झाली तरी त्याच आठवड्यात पुन्हा दाखवता येते.
5. सोबत न्यायचं: मूळ आरसी, अर्ज आणि पावतीची छापील प्रत, विमा, पीयूसी, पॅन, पत्त्याचा पुरावा, आणि चेसिस नंबरचा पेन्सिल ठसा. ठसा आदल्या दिवशी गॅरेजमध्ये घ्या. गंज चढून नंबर वाचता येईनासा झालेला असेल तर हे तिथेच कळलेलं बरं.

निरीक्षक फार वेळ घेत नाही, पण ठरलेल्या गोष्टी बघतोच. चेसिस नंबर जुळतो का, दिवे, इंडिकेटर, ब्रेक लाइट, वायपर, हॉर्न, सीटबेल्ट, हँडब्रेक. टायरच्या खाचा मोटारीला किमान १.६ आणि दुचाकीला ०.८ मिलिमीटर हव्यात. काचेवरची काळी फिल्म आणि पुढचा लोखंडी बंपर गार्ड काढूनच गाडी न्या. कर्कश सायलेन्सर असेल तर कंपनीचा बसवा. लांबच्या प्रवासासाठी गाडी सजवणारे इथे हमखास अडकतात: छतावरची दिव्यांची पट्टी, जास्तीचे प्रखर एलईडी, मोठे टायर. गाडीचा रंग बदलला असेल आणि आरसीवर जुनाच रंग असेल तर ती वेगळी सेवा आहे, आधी करून घ्या. सीएनजी किट आरसीवर नोंदलेलं हवं आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) ३ वर्षांच्या आतली. हे प्रमाणपत्र परराज्यातल्या अधिकृत केंद्राचं असलं तरी चालतं.

गाडी नापास झाली तर निरीक्षक त्रुटी लिहून देतो. त्या दुरुस्त करून पुन्हा दाखवायची असते.

कायमचा मुक्काम हलवला असेल तर

गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली की कलम ४७ प्रमाणे तिथला नवा नंबर घेणं बंधनकारक आहे. काही राज्यांत त्याआधीच रोड टॅक्सवरून अडवतात. अशा वेळी गाडी कधी आली हे दाखवायला फास्टॅगचा उतारा कामी येतो.

नव्या नंबरासाठी मूळ आरटीओकडून नमुना २८ ची एनओसी घ्यावी लागते. कर्ज असेल तर बँकेची संमती लागते, आणि गाडी चोरीची नसल्याचा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा दाखलाही मागतात. नमुना २७ भरून, गाडी दाखवून, तिथला कर भरून नवा नंबर मिळतो. १४-१५ वर्षांच्या गाडीवर महाराष्ट्राचा एकरकमी कर परत मिळायचा जवळपास काही उरलेला नसतो, आणि नव्या राज्याचा कर मात्र भरावा लागतो. लाखभर किमतीच्या गाडीसाठी हा हिशेब अनेकदा बसत नाही. त्यापेक्षा ती गावी विकून तिकडे तिकडचीच जुनी गाडी घेतलेली परवडते. भारत सीरिजचा नंबरही इथे उपयोगाचा नाही. तो बदलीच्या नोकरीवाल्यांच्या नव्या गाड्यांसाठी सोयीचा.

एनओसीचा सापळा मात्र नीट समजून घ्या. ती निघाली की वाहन प्रणालीत मूळ कार्यालयाकडून त्या गाडीच्या सेवा थांबतात. माणूस ‘असू द्या हाताशी’ म्हणून एनओसी काढतो, नव्या राज्यात जात नाही, आणि दरम्यान आरसी संपते. आता पुण्यात नूतनीकरण होत नाही आणि तिकडे गाडीची नोंद नाही. एनओसी रद्द करायला ज्या कार्यालयाच्या नावे ती काढली तिथून ‘वापरलेली नाही’ असं पत्र आणावं लागतं. म्हणून आरसीचे शेवटचे काही महिने उरले असतील तर आधी महाराष्ट्रात नूतनीकरण, मग एनओसी, हा क्रम धरा.

दिल्ली आणि तिच्याभोवतीचा एनसीआर हा प्रांतच वेगळा. तिथे डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची मर्यादा २०१५ च्या हरित लवादाच्या आणि २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमधून आली. कारवाई कुठल्या गाड्यांवर करायची यावर २०२५ मध्येही आदेश झाले, पण गुरुग्राम किंवा नोएडात बसून जुन्या एमएच गाडीच्या नूतनीकरणाची वाट बघण्यात अर्थ नाही. मुदत असतानाच ती तिथून हलवा.

वाटेतच मुदत संपली तर

गाडी चालवत परत आणू नका. पहिल्यांदा पकडलं तर २,००० ते ५,००० रुपये दंड. पुन्हा पकडलं तर ५,००० ते १०,००० किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याहून मोठा धोका विम्याचा. तात्पुरती नोंदणी संपलेल्या गाडीच्या चोरीचा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फेटाळला. वैध नोंदणी नसणं हा विम्याच्या अटींचा मूलभूत भंग आहे, असं त्यात धरलं गेलं. १५ वर्षं संपलेल्या गाडीला विमा कंपनी हाच युक्तिवाद लावेल.

मोटार असेल तर कार कॅरियरने पाठवा. दुचाकी रेल्वे पार्सलने जाते: टाकी पूर्ण रिकामी, गोणपाटात बांधलेली, सोबत आरसीची आणि ओळखपत्राची प्रत. घरून आरटीओपर्यंतचं शेवटचं अंतरही टोचन करून न्या. तपासणीच्या वेळेची पावती जवळ असावी, पण ती गाडी चालवण्याचा परवाना नव्हे. कागदावर विलंब शुल्काची रक्कम भरली की बाकी प्रक्रिया वर दिली तीच.

तपासणी झाल्यावर मंजुरी प्रणालीत चढायला एखाद-दुसरा दिवस लागू शकतो. डिजिलॉकरमध्ये नवी तारीख दिसली की ती आरसी देशभर ग्राह्य आहे, कार्डासाठी थांबायला नको. नवी तारीख उमटल्याशिवाय गाडी महाराष्ट्राबाहेर काढू नका. कार्ड आरसीवरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने येतं. घर बंद असेल तर ते परत आरटीओत जातं आणि सोडवायला पुन्हा खेप पडते. शेजाऱ्यांना आणि पोस्टमनला आधी सांगून ठेवा, किंवा अर्जातच नातेवाइकांचा चालू पत्ता, पुराव्यासह, घालून घ्या.